पैसा आधी मुलांच्या हाताला लागू द्या

कराडच्या मंडईत, चहाच्या टपऱ्यांवर, मलकापूरच्या हायवेलगतच्या गॅरेजांमध्ये मी गेली 24 वर्षं पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत, गोळा करतो. सकाळी पतसंस्थेतून मशीन घेऊन निघतो आणि रात्री आठला भरणा करतो. रोज शंभर-सव्वाशे ठिकाणी जाणं होतं. कुणाचे 20 रुपये, कुणाचे 50, एखाद्या सराफाचे 500. कुठल्या घरात पैसा कसा येतो, कुठं अडतो आणि कुठून गळतो, हे पिग्मीवाल्याला न विचारता कळतं. गेल्या चार-पाच वर्षांत मला एक नवीन गळती दिसते आहे. तिच्याबद्दल आईवडिलांशी, आजीआजोबांशी आणि गुरुजी-बाईंशी बोलायचं आहे.

मंडईच्या कोपऱ्यावर एका वहिनींची टपरी आहे. नवरा वारल्यावर त्यांनी ती एकटीनं चालवली. मुलगा आठवीत. रोज 25 रुपये पिग्मी, एक दिवस चुकत नाही. शाळा सुरू व्हायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, मी गेलो तर त्यांनी फोनच माझ्या हातात दिला. "भाऊ, बँकेनं माझे पैसे कापलेत. बघा जरा."

मी बघितलं. 40 रुपये, 80, पुन्हा 80, 160, 400. दोन महिन्यांत थोडे थोडे करून 7,460 रुपये गेले होते, आणि सगळे एकाच नावाला. बँकेनं काही कापलं नव्हतं. मागं मुलगा कप विसळत होता, त्यानं मान वर केली नाही. वहिनींच्या लक्षात आलं तसा त्यांचा हात उठला. मी मधे पडलो आणि पोराला बाजूला घेऊन विचारलं, की बाबा, पैसे कशाला घेतलेस?

तो म्हणाला, "काका, मी पैसे नाही घेतले. मी डायमंड घेतले."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. आईच्या डब्यातली दहाची नोट उचलणाऱ्या मुलाला आपण चोरी करतोय हे कळतं. त्याचं काळीज धडधडतं, नोट चड्डीच्या खिशात दडवावी लागते. इथं तसं काही झालंच नाही. पिन आईच्या बोटांकडं बघून पाठ झालेला, बोट चार वेळा टेकवलं, पडद्यावर हिरवी खूण आली, खेळात डायमंड जमा झाले. त्याच्या हातातून काही गेलं नाही आणि आईचा डबा होता तेवढाच भरलेला राहिला.

याचा विचार करता करता मला एक गोष्ट जाणवली. यूपीआय आलं 2016 साली, आणि त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. हा मुलगा तेव्हा तीन-साडेतीन वर्षांचा. त्याला कळायला लागलं तोवर टपरीवर क्यूआर कोडचा कागद चिकटलेला होता, आणि पुढं त्याच्या शेजारी बोलणारी डबी आली. ती डबी दिवसभर सांगत राहते, दहा रुपये मिळाले, वीस रुपये मिळाले. आलेला पैसा ती ओरडून सांगते. दूधवाल्याला, गॅसवाल्याला, जागेच्या भाड्याला गेलेला पैसा मात्र गुपचूप जातो. त्या पोरानं आयुष्यभर फक्त पैसा येतानाचा आवाज ऐकला आहे.

आपल्या वेळी असं नव्हतं. चार आण्याचं नाणं 30 जून 2011 ला बंद झालं, म्हणजे आज पंचविशीच्या पुढं असलेल्या पुष्कळांनी ते हाताळलं आहे. वाण्याकडं पाठवलं की मुठीत पैसे घट्ट धरून जायचं, उरलेले मोजून आणायचे, एक रुपया कमी आला तर परत जायचं. बेरीज-वजाबाकी शाळेत शिकलो, पण तिचा धाक वाण्याच्या दुकानात बसला. आज मुलाला दुकानात पाठवतो तेव्हा सांगतो, "काकांना म्हणावं, फोनवर पाठवते." मुलगा वस्तू घेऊन येतो. किंमत त्याला माहीतही नसते.

ते खेळ कसे चालतात हे आईवडिलांनी समजून घ्यायला हवं, नुसतं "गेम वाईट" म्हणून भागणार नाही. खेळ फुकट असतो. पैसे लागतात ते आतल्या कपड्यांना, बंदुकीच्या रंगाला, नाचाच्या एखाद्या हालचालीला. पण किंमत रुपयांत लिहिलेली नसते. आधी रुपये देऊन डायमंड नाहीतर नाणी घ्यायची आणि मग त्यातून वस्तू घ्यायची. एकदा रुपयाचा डायमंड झाला की मुलाच्या डोक्यातला रुपया संपतो. त्यात हिशेब असा जुळवलेला असतो, की वस्तू 100 ची आणि तुमच्याजवळ 90. उरलेले 90 वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा घ्या. कधी बंद पेटी असते, आत काय निघेल ते उघडल्यावरच कळणार. जत्रेत चकती फिरवणारा बसायचा, त्याच्याजवळून आपले वडील हाताला धरून आपल्याला ओढून नेत. तीच चकती आता मुलाच्या पांघरुणात आहे आणि हाताला धरणारं जवळ कुणी नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. चांगलं झालं. त्या रमी आणि टीम लावण्याच्या नादानं आमच्या मंडईतली दोन तरुण पोरं कर्जात गेलेली मी पाहिली आहेत. पण खेळाच्या आत डायमंड विकत घेणं हे त्या बंदीत येत नाही. तेव्हा कायदा झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. आणखी एक. 1872 च्या करार कायद्यानं 18 वर्षांखालच्या मुलानं केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. ऐकायला बरं वाटतं, पण खातं तुमचं आणि पिन तुमचा असला, की व्यवहार तुम्हीच केला असं समोरचा धरून चालतो. वहिनींनी ॲपच्या दुकानाकडं परताव्याचा अर्ज केला. शेवटच्या तीन व्यवहारांचे पैसे परत आले, बाकीचे गेले. असं काही झालं तर त्याच दिवशी अर्ज करा. महिनाभर घरात भांडून मग करू नका.

बंदोबस्ताचं थोडक्यात सांगतो. पिन बदला. मुलाची जन्मतारीख, गाडीचा नंबर, 1234 हे चालणार नाही. मुलासमोर पिन टाकताना हात आडवा धरा, बँकेच्या मशीनपुढं धरता तसा. यूपीआय लाइट चालू असेल तर छोट्या रकमेला पिन लागतच नाही, तेव्हा मुलांच्या हाती जाणाऱ्या फोनवर ते बंद ठेवा. ॲपच्या दुकानात प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारण्याची सोय असते, ती चालू करा. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाचा कप्पा असतो. तिथं एकदा परवानगी दिलेली असली की 15,000 रुपयांपर्यंतची रक्कम दर वेळी पिन न विचारता कापली जाऊ शकते. आज रात्री तो कप्पा उघडून बघा, आपण कशाकशाला हो म्हणून बसलोय ते. शक्य असेल तर फोनला जोडलेलं खातं वेगळं ठेवा आणि त्यात हजार-दोन हजारांवर ठेवू नका. कुणी फसवून पैसे काढले असतील तर 1930 हा नंबर लावा. पहिल्या तासात लावला तर पैसे मधेच अडवता यायची आशा जास्त.

पण बंदोबस्त म्हणजे शिकवणं नव्हे. कुलूप लावल्यानं मुलगा चोरी करत नाही, एवढंच. मारल्यानं तर तेवढंही होत नाही. पुढच्या खेपेला तो बँकेचा मेसेज आधी पुसून टाकेल.

त्या दिवशी मी त्या मुलाला बाकड्यावर बसवलं आणि पिग्मीच्या पावतीच्या मागं हिशेब करायला लावला. एक चहा दहा रुपयांचा. दूध, साखर, पत्ती, गॅस, जागेचं भाडं जाऊन आईला राहतात तीन रुपये. 7,460 ला तीननं भाग. त्यानं भागलं. उत्तर 2,486, बाकी 2. आई दिवसाला दीडशे कप विकते. म्हणजे जवळजवळ सतरा दिवस ती पहाटे साडेपाचला उठून इथं उभी राहिली, ते सगळे दिवस डायमंडला गेले. मग मी त्याला पिग्मीचं सांगितलं. वर्षातले साधारण तीनशे दिवस मी त्याच्या आईकडून 25 रुपये नेतो, त्याचे होतात साडेसात हजार. आईनं पैशापैशानं वर्षभर साठवलेलं त्यानं एप्रिल-मेच्या सुट्टीत संपवलं. पोरगा बराच वेळ कागदाकडं बघत बसला. मग त्यानं विचारलं, "आई मला रोज दहा रुपये खाऊला देते, म्हणजे तीन कपांचे का?"

एवढा साधा प्रश्न, आणि तेरा वर्षांत तो त्याला पडलाच नव्हता, कारण आपण त्याला तो पडू दिला नाही. "तू अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघतो." हे वाक्य मराठी घरांत प्रेमानं म्हटलं जातं. मीही माझ्या मुलाला म्हटलं. आज तो पुण्यात नोकरी करतो, चांगला मुलगा आहे, पण तीस तारखेला त्याचा फोन आला की मला आधीच कळतं कशाला आला असेल. चूक त्याची कमी, माझी जास्त. दुसऱ्यांच्या घरचे पैसे मी रोज मोजले, पण माझ्या मुलाला घरचे पैसे कधी मोजू दिले नाहीत.

म्हणून पहिली विनंती. घरात पैसा कुठून येतो हे मुलाला दाखवा. नुसतं सांगू नका. एक दिवस कामावर न्या. गवंडीकाम असो, शिलाई असो, ऑफिस असो. बाप दुपारच्या उन्हात काय करतो हे त्याला बघू दे. दूध घालत असाल तर डेअरीचा दहा दिवसांचा हिशेब येतो, तो त्याच्याकडून वाचून घ्या. पेंडीचे किती वजा झाले, हातात किती आले. महिन्याच्या किराणाची यादी दहा वर्षांच्या मुलाला लिहू द्या आणि बिल आल्यावर बेरीज तपासू द्या. विजेचं बिल त्याच्यासमोर उघडा. एका घरात मी हे सुचवलं, तर तिथली मुलगी स्वतः फिरून दिवे बंद करायला लागली, कुणी न सांगता.

एक सावधगिरी मात्र ठेवा. खर्च सांगा, भीती सांगू नका. हप्ता थकलाय, सावकार दारात येतोय, हे सात वर्षांच्या लेकराला सांगून त्यानं काय करायचं? त्याला फक्त रात्री झोप लागणार नाही. घराचा हिशेब कळावा, घराचं ओझं डोक्यावर येऊ नये. ही रेघ प्रत्येक आईला बरोबर ठाऊक असते.

दुसरी विनंती माझ्या धंद्यातूनच आली आहे. पिग्मीची योजना 1928 साली उडुपीत, पुढं सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेनं सुरू केली. दिवसाला दोन आणे भरायचे. विणकर, मजूर अशा रोज कमावून रोज खाणाऱ्या लोकांसाठी. त्यात खुबी रकमेची नव्हती. माणूस रोज स्वतःच्या हातानं पैसे काढून देतो, ते आपल्यापासून गेलेले बघतो आणि पावतीवर वाढलेला आकडा वाचतो. मुलालाही हेच लागतं. त्याला आठवड्याला ठरावीक रोख रक्कम द्या. वीस असो, पन्नास असो, आपल्या ऐपतीप्रमाणे. रविवारी सकाळी, ठरल्या वेळी, नोटा आणि नाणी हातावर मोजून. फोनवर पाठवू नका.

आणि ते संपले की देऊ नका. इथंच सगळ्यांचा जीव कमकुवत पडतो. मंगळवारी पैसे संपले, बुधवारी मित्र बर्फाचा गोळा खातायत, पोरगं तोंड पाडून बसलंय. बसू द्या. त्या चार दिवसांत तो जे शिकेल ते तुम्ही चार वर्षं बोलून शिकवू शकणार नाही. वीस रुपये चुकीचे खर्च करायचं वय हेच आहे. विसाव्या वर्षी तो वीस हजार चुकीचे खर्च करण्यापेक्षा आत्ता वीस गेलेले परवडले.

आजीआजोबांना माझं हात जोडून सांगणं आहे. आजीच्या कमरेच्या पिशवीतून निघालेली नोट ही नातवंडाच्या आयुष्यातली सगळ्यात गोड नोट असते, मी स्वतः तिच्यावर वाढलो आहे. पण आईनं बुधवारी नाही म्हटल्यावर तुम्ही दाराआड हळूच दिलीत, तर पोर शिकतं ते एवढंच, की एकीनं नाही म्हटलं की दुसरीकडं मागायचं. द्यायचंच असेल तर सणाला द्या, वाढदिवसाला द्या, सगळ्यांसमोर द्या. आणि तुमच्या लहानपणी घरात पैसा कसा होता, एका दप्तरासाठी किती दिवस थांबलात, ते सांगा. ते फोनमध्ये कुठंच मिळत नाही.

थांबणं, हेच शिकवायला सगळ्यात अवघड. ओगलेवाडीकडं एक मिस्त्री आहेत, त्यांच्या सहावीतल्या मुलीला 480 रुपयांची रॅकेट हवी होती. आठवड्याला 30 रुपये टाकायचे, सोळा आठवडे. अकराव्या आठवड्यात मिस्त्रींचा धीर सुटला, म्हणाले उरलेले मी घालतो, आणून टाकू. त्यांच्या बायकोनं अडवलं. म्हणाली, तिचं तिला पुरं करू द्या. सोळाव्या आठवड्याला ती मुलगी सुट्टे घेऊन दुकानात गेली, आणि दुकानदाराशी घासाघीस करून तिनं तीस रुपये कमी करून घेतले. आता ती रॅकेट रोज रात्री पिशवीत घालून कपाटात ठेवते. मागच्या वर्षी बापानं हौसेनं आणलेली रॅकेट ती पावसात अंगणात विसरली होती.

आता फोनचं. एक गोष्ट आधी मान्य करतो. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा कितीतरी घरांत पहिला मोठा फोन मुलांच्या अभ्यासासाठीच आला. कुणी दागिना मोडला, कुणी पिग्मी मोडली. मीच त्या पावत्या फाडल्या. त्या आईवडिलांना दोष द्यायचा अधिकार कुणाला नाही. पण शाळा केव्हाच उघडल्या, आणि आता दहावी पास झाल्याचं बक्षीस म्हणून फोन येतो आहे. 14,000 पगाराचा बाप 24,000 चा फोन बारा हप्त्यांत घेतो. महिन्याला 2,000. घरातल्या कमाईचा सातवा हिस्सा वर्षभर एका काचेच्या तुकड्याला. आणि मुलाला हे सांगत नाहीत, कारण त्याला वाईट वाटेल. अहो, वाटू द्या. निदान हप्त्याचा कागद त्याला वाचू द्या, दर महिन्याला पैसे कापल्याचा मेसेज त्याला दाखवा. त्याहून चांगलं म्हणजे घरात जुना असेल तो फोन द्या, नवा घ्यायचाच असेल तर आधी पैसे साठवा. आपण सगळं हप्त्यावर घेत गेलो आणि मुलाला बचतीवर भाषण दिलं, तर तो भाषण विसरेल आणि हप्ता लक्षात ठेवेल.

तेच आपल्या फोनचं. रात्री जेवताना आई एका हातानं कुर्ती बघते, बाप रील बघतो, आणि पोराला म्हणतो फोन ठेव. वहिनींच्या मुलानं मला त्या दिवशी हेही विचारलं होतं, की मोठी माणसं फोनवर काय काय मागवतात ते चालतं का? त्याला उत्तर द्यायला मला वेळ लागला. मोठ्यांनाही नियम लावल्याचं एक उदाहरण सांगतो. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. त्या गावानं 2022 साली ठरवलं, की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत. मुलं अभ्यासाला बसतात. मला त्यात आवडलं ते हे, की बंदी मुलांपुरती ठेवली नाही, मोठ्यांचेही फोन खाली ठेवायला लावले. तुमच्या गल्लीला भोंगा नसेल. कुकरची शिट्टी तर आहे. जेवण होईपर्यंत सगळ्यांचे फोन फडताळावर ठेवता येतात.

मुलींबद्दल वेगळं बोललं पाहिजे. फोन मुलाला, गाडी मुलाला, बँकेत वडिलांबरोबर जायचं तर मुलानं. मुलीच्या नावानं सुकन्या समृद्धीचं खातं असतं, वडील इमानानं पैसे भरतात, पण ती मुलगी कधी पोस्टाच्या खिडकीशी उभी राहिलेली नसते. लग्नानंतर पंधरा वर्षं सगळे व्यवहार नवऱ्यावर सोडलेल्या आणि एके दिवशी अचानक एकट्या पडलेल्या बायका मी माझ्या वाटेवर पाहिल्या आहेत. त्या टपरीवाल्या वहिनींना पहिल्यांदा पैसे काढायचा कागद भरायचा होता तेव्हा त्यांचा हात कापत होता. दहा वर्षांपुढचं मूल स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवू शकतं. पोस्टात हे पूर्वीपासून आहे, आणि रिझर्व्ह बँकेनं 2025 मध्ये नव्यानं काढलेल्या नियमांतही बँकांना तशी मुभा आहे, रकमेची मर्यादा बँक ठरवते. पोस्टाचं खातं 500 रुपयांत निघतं, आवर्ती ठेव महिना 100 पासून. मुलीला घेऊन जा. तिला स्लिप भरू द्या. चुकली तर दुसरी स्लिप मागून घेऊ द्या. खिडकीतल्या माणसाशी तिलाच बोलू द्या, तुम्ही मागं उभे राहा.

ज्यांची मुलं अकरावी-बारावीत किंवा कॉलेजात आहेत त्यांना एका धोक्याचं सांगायचं आहे. मुलांना कुणीतरी ओळखीचा भेटतो आणि म्हणतो, "तुझं खातं थोडे दिवस वापरायला दे, पाच हजार देतो. तुला काही करायचं नाही, एटीएम कार्ड आणि सिम दे फक्त." पोराला वाटतं, माझ्या खात्यात तर काहीच नाही, माझं काय जाणार? त्या खात्यात फसवणुकीचे पैसे येतात, काही मिनिटांत पुढं जातात, आणि पोलिसांना सापडतं ते पोराचं नाव आणि आधार नंबर. खातं गोठतं, नोटीस दुसऱ्या राज्यातून येते, आणि बाप इथली भाजीची गाडी सोडून तिकडं वकील शोधत फिरतो. ज्या मुलाला पैसा मेहनतीनं येतो हे हाडात भिनलेलं असतं, त्याला काही न करता पाच हजार मिळतायत म्हटल्यावर शंका येते. ज्याला आकडे नुसते पडद्यावर येतात-जातात असंच वाटत आलंय, त्याला ती येत नाही. खातं, सिम, ओटीपी कुणालाही द्यायचं नाही, अगदी जिवलग मित्राला नाही, हे आज जेवताना सांगा. आणि चुकून दिलं असेल तर न घाबरता घरी सांग, आपण मिळून बँकेत जाऊ, हेही त्याच वेळी सांगा. दुसरं वाक्य नसेल तर पहिल्याचा उपयोग नाही.

शिक्षकांनी फार काही नवीन करायला नको. जिल्हा परिषदेच्या शाळांतून बालबाजार भरतो, मुलं घरची मेथी, लिंबं, भजी विकायला बसतात. स्काऊट-गाईडचा खरी कमाईचा कार्यक्रम असतो. बहुतेक ठिकाणी फोटो काढले की ते संपतं. माझी विनंती एवढीच, की दुसऱ्या दिवशी एक तास हिशेबाला द्या. किती गुंतवले, किती आले, आईनं फुकट दिलेल्या तेलाची किंमत धरली का? ती धरली की बऱ्याच मुलांचा नफा नाहीसा होतो, आणि खरा धडा तिथं सुरू होतो. पूर्वी शाळांतून संचयिका असायची, मुलं पैसे जमा करायची, वहीत नोंद व्हायची. ती आपल्या वर्गापुरती पुन्हा सुरू करायला कुणाची परवानगी लागेल असं वाटत नाही, मुख्याध्यापक आणि पालक तयार असले की झालं. मुलांनी कमावून शिकणं आपल्याकडं नवीन नाही. आमच्या तालुक्यात, काले गावी, 1919 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढं त्यांच्या वसतिगृहांतली मुलं शेतात राबून शिकली, आणि "कमवा आणि शिका" हे शब्द महाराष्ट्रभर गेले. लहान मुलांना कामाला जुंपा असं मी म्हणत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. पण शाळा सुटल्यावर आईच्या टपरीवर अर्धा तास थांबून गल्ला मोजणं हे राबवणं नव्हे.

वहिनींचा मुलगा अजून तो खेळ खेळतो. तो बंद कर असं मी त्याला सांगितलं नाही, वहिनींनी दिवसाला एक तास ठरवून दिलाय. पिन बदलला आहे. आता संध्याकाळी रोख आणि फोनवर आलेले असे दोन्ही पैसे तोच जुळवतो, एका दोनशे पानी वहीत. परवा मी भरण्याला निघालो होतो तेव्हा टपरीचं फळकूट अर्धं ओढलेलं होतं आणि पोरगं आत बल्बखाली बसलेलं. कपांच्या हिशेबात 20 रुपये कमी येत होते. वहिनी म्हणत होत्या, जाऊ दे रे, वीसच तर आहेत. तो उठेना. तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा वहिनींना आठवलं, दुपारी हमाल दोन चहा पिऊन "उद्या देतो" म्हणून गेला होता. मुलानं वहीत त्याचं नाव लिहिलं, पुढं 20 लिहिले आणि मग दिवा बंद केला.